सहादूने पास केलेली

नाशिकच्या पेठ फाट्यावर, पंक्चरवाल्याचं दुकान आणि भेळेची गाडी यांच्या मधोमध, पत्र्याचं एक गॅरेज होतं. त्यावर पाटी नव्हती. पाटी लावायची तर नाव ठरवावं लागतं, आणि सहादू भोयेला ती भानगड नको होती. येणाऱ्यांतले निम्मे लोक गाडी दुरुस्त करायला नव्हे, दाखवायला यायचे. "सहादूभाऊ, ओळखा बघू! शहाऐंशी सालची हाय, तुमीच पास केलेली." मग सहादू हात पुसत उठायचा, गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, "वळखली. हिची किक जरा कडक व्हती." माणूस फुलून जायचा. तू खरंच ओळखतोस का, असं एकदा कुणी खोदून विचारलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सगळ्याच कडक व्हत्या."

ती गाडी म्हणजे तुरंग. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लांबट शेडमध्ये ती बनायची. साठ-सत्तर माणसं आणि दिवसाकाठी चार, फार तर पाच गाड्या. दोनशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, मागे निळसर धुराचा फराटा आणि टाकीवर उधळलेला घोडा. घोडा देखणा होता. गाडी मात्र वजनाला म्हैस होती. तरीही पेठ, सुरगाणा, हरसूल या सगळ्या डोंगरपट्ट्यात लोक तिच्यासाठी सहा-सहा महिने थांबायचे, ते हँडलला सुतळीने बांधलेल्या एका पुठ्ठ्याच्या बिल्ल्यामुळे. बिल्ल्यावर निळ्या पेन्सिलीने गाडीचा नंबर लिहिलेला असायचा आणि खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत, 'पास. सहादू.' चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर. पण काही घरांत तो बिल्ला देव्हाऱ्यात जाऊन बसला होता.

सहादू कंपनीत लागला तो खोकी उचलायला. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा माणूस. भात काढून झालं की कामाच्या शोधात शहराकडे यायचा, तसा एका वर्षी आला आणि राहिला. त्या वर्षी पेठच्या एका गिऱ्हाइकाने गाडी परत आणून आदळली. घाटात थांबलं की पुन्हा निघत नाही, मागे घरंगळते, अशी तक्रार. इंजिनियरांनी गाडी शेडभोवती फिरवली आणि दोष काही नाही म्हणून हात झटकले. तेव्हा डोक्यावरचं खोकं न उतरवता सहादू बोलून गेला, "सायेब, आमच्याकडचा चढ तिला दावला का कदी?"

मालक तिरसट होते, पण ऐकून घेणारे होते. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला आणि तो राबवायला सहादूलाच गाडी शिकवण्यात आली. मागच्या सीटवर वाळूचं पोतं आवळायचं, पेठ रोडने निघायचं, रामशेजचा किल्ला मागे टाकून सावळघाटात शिरायचं. सर्वांत उभ्या वळणावर गाडी थांबवून बंद करायची आणि एक विडी संपेपर्यंत ब्रेकवर धरून उभं राहायचं. मग एक किक. एकच. गाडी सुरू झाली पाहिजे आणि बोटभरही मागे न येता वर निघाली पाहिजे. दुसरी किक लागली की नापास. मागे आली की नापास. महिनाअखेरीला मॅनेजर हात जोडायचे, "सहादू, एवढी एक सोड रे बाबा." सहादू गुळणी धरून उभा राहायचा आणि गाडी शेडच्या कोपऱ्यात लावायचा. त्याच्या या हट्टाला कंपनीत नावं ठेवणारे पुष्कळ होते, आणि त्याच हट्टाच्या जिवावर त्यांची चूल पेटायची.

पुढे शंभर सीसीच्या, लिटरला ऐंशी किलोमीटर चालणाऱ्या जपानी घडणीच्या गाड्या आल्या आणि तुरंगला कुणी विचारेना. त्र्याण्णव साली शेडला कुलूप लागलं. सहादूने पेठ फाट्यावर पत्रे ठोकले. मुलगा किशोर शिकला, सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला, रोज कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागला. बारा-तेरा वर्षं अशी सरळ निघून गेली. तुरंग आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आणि डोंगरातल्या काही अंगणांत उरली होती.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात गॅरेजसमोर एक पांढरी गाडी थांबली. उतरली ती मंजुषा देवधर, पुण्याची, तिशी-पस्तिशीची, पायांत साधे बूट, हातात वही. पत्र्याखाली उकडत होतं तरी ती सरळ येऊन लाकडी खोक्यावर बसली.

"काका, आम्ही तुरंग परत आणतोय," ती म्हणाली.

सहादूच्या हातातला पाना हातातच राहिला. हे वाक्य तो गेली तेरा वर्षं मनातल्या मनात कुणाच्या तरी तोंडून ऐकत होता, आणि आज ते खरंच कुणीतरी उच्चारलं होतं. त्याने तिला आधी पाणी दिलं, मग विचारलं, "जुने साचे घावले का?"

"साचे भंगारात गेले. आम्ही नाव विकत घेतलंय. आणि घोडा."

"इंजिन?"

"बाहेरून घेतोय. फोर-स्ट्रोक आहे, फार चांगलं आहे. गाडी सिन्नरला जोडणार."

"मंग आमच्यातलं हाय काय तिच्यात?"

मंजुषा सरळ मनाची बाई होती. ती म्हणाली, "तुम्ही आहात ना, काका."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक नव्या तुरंगच्या टाकीखाली एक पितळी पट्टी बसणार. तिच्यावर ते जुनं वाकडं अक्षर, हुबेहूब, 'पास. सहादू.' दसऱ्याला गाडी बाजारात येणार. सहादूने फक्त एका कागदावर एकदा लिहून द्यायचं. पुढचं काम यंत्र करील. उठताना ती किशोरकडे पाहून म्हणाली, "नाशिकची एजन्सी याच घरात असली तर किती शोभेल!" लेखी काही नव्हतं. पण किशोर त्याच संध्याकाळी इंदिरानगरमध्ये रस्त्यालगतचा एक गाळा बघून किल्लीसुद्धा घेऊन आला.

घरात आनंदाला उधाण आलं. सहादूची बायको नवसाबाई म्हणाली, "सयीच करायची ना? मंग त्यात येवढा इच्यार कसला?" जुन्या शेडमध्ये टाकीवर हाताने घोडा काढणारा झुंबर पेंटर तर नवा सदरा घालूनच आला. नव्या कंपनीने त्याचाही फोटो काढला होता. "म्हातारपणी कुणी फोटो मागतंय, सहाद्या. दे की!" सहादू हसला आणि चहा प्यायला. दोन दिवस त्याने कागदाला हात लावला नाही. आपलं नाव पितळेत कोरलं जाणार, याचा त्याला हर्ष झाला होता, खोटं कशाला बोला. पण त्या हर्षाच्या पोटात काहीतरी खुपत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने किशोरच्या मोबाइलवरून मंजुषाला सांगितलं, "आदी गाडी घाटात नेऊ द्या."

मंजुषाला ही कल्पना फारच आवडली. ती फोटोवाला घेऊन आली; सहादूने फोटोवाल्याला पेठ फाट्यावरच भेळ खायला बसवलं. गाडी देखणी होती, काळी, चकचकीत, घोडा पूर्वीपेक्षाही उधळलेला. पण वाळूचं पोतं काही जवळ नव्हतं.

"मी बसते पोत्याच्या जागी," मंजुषा म्हणाली आणि बसलीसुद्धा.

रामशेज गेला, घाट आला. ओळखीच्या वळणावर सहादूने गाडी थांबवून बंद केली. विडी त्याने कधीच सोडली होती, म्हणून शंभर आकडे मोजले. मग सवयीने उजवा पाय किक शोधू लागला. किक नव्हतीच. त्याने बटण दाबलं. गाडी कुजबुजल्यासारखी सुरू झाली आणि केसभरही मागे न येता वर निघाली. सहादू वर जाऊन वळला, खाली आला, पुन्हा चढला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्याने मुद्दाम वळणाच्या आतल्या, जास्त उभ्या कडेला थांबून पाहिलं. गाडी तिथूनही निघाली.

वर करवंदीच्या जाळीपाशी त्याने गाडी स्टँडला लावली आणि दगडावर बसला. आपण आतून कशाची वाट पाहत होतो हे त्याला आता कळलं. गाडी नापास व्हावी, एकदा तरी मागे यावी, आणि 'आमची ती आमचीच' असं म्हणून खाली उतरता यावं. तसं काही झालं नव्हतं.

"आमच्यापरीस चांगली हाय," तो म्हणाला. हे बोलताना त्याला वाईट वाटलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

मंजुषाचा चेहरा उजळला. "मग सही द्याल?"

सहादूने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, पेन्सिल काढली, गाडीचा नंबर पाहून लिहिला आणि खाली लिहिलं, 'पास. सहादू.' तुकडा हँडलला बांधला. "हिला दिली."

"आणि बाकीच्यांना?"

"त्या चढल्या का?"

"काका, सगळ्या अगदी सारख्याच असतात. यंत्रावर बनतात. एक चढली म्हणजे सगळ्या चढल्या."

"आसंच मी बी म्हनलो व्हतो," सहादू म्हणाला. आणि जी गोष्ट त्याने एकवीस वर्षांत नवसाबाईलासुद्धा सांगितली नव्हती, ती त्या पुण्याच्या बाईला सांगितली.

पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता तीन आठवडे बंद होता. गाड्या शेडमध्ये साठत होत्या. सहादूने स्वतःशीच हिशेब केला. तीच माणसं, तेच साचे, महिनाभरात एकही गाडी नापास नाही. मग या तरी वेगळ्या कशा असतील? त्याने अकरा गाड्या कंपनीच्या सपाट आवारात चालवून पास केल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्यातली एक करंजाळीच्या पुढच्या पाड्यावर शिकवणाऱ्या गोटीराम मास्तरांनी घेतली. त्या खेपेला आलेल्या क्लचच्या प्लेटा कच्च्या होत्या; तापल्या की घसरायच्या. सपाटीवर ते कळणारच नव्हतं. शाळेच्या वाटेवरच्या चढाला गाडी मागे आली आणि मास्तरांना घेऊन चरात गेली. मांडीचं हाड मोडलं. मास्तर आजही लंगडत चालतात.

"मी भेटाया गेलो," सहादू म्हणाला. "मास्तर खाटंवर पडलेलं. मला काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, 'सहादूभाऊ, गाडी तुमी पास केलेली, म्हंजी चूक माजीच. मलाच चालवाया नाय आली.' मी त्यांच्या घरचा च्या पेलो. प्लेटा बदलून दिल्या. पन माज्या तोंडातून शबूद फुटला नाय. बाकीच्या धा गाड्यांच्या बी घरोघर जाऊन बदलून आलो, येवढंच."

मंजुषाने हँडलचा बिल्ला बोटांनी सरळ केला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "काका, मी हे कंपनीत सांगू शकत नाही."

"नका सांगू. सही दिली नाय, येवढंच सांगा. दिवसाला चार करा, मी येतो, चढवतो."

"दिवसाला दीडशे होणार आहेत."

"मंग झालं तर," सहादू म्हणाला. दोघं खाली उतरले.

कंपनीने रागवारागवी केली नाही. मोठ्या कंपन्यांना तेवढी फुरसत नसते. पितळी पट्टीवर आता 'नाशिकच्या घाटांत जन्मलेली' अशी ओळ आली आणि झुंबरचा घोडा स्टिकर होऊन दोन्ही बाजूंना चिकटला. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'हाताने रेखाटण्याची परंपरा'. झुंबरला शाल मिळाली, ती पांघरून तो ऐन दुपारी पंचवटीत फिरला. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून गाड्या निघाल्या, आणि लोकांनी त्या हौसेने घेतल्याही. गाडी चांगलीच होती. एजन्सी शहरातल्या दुसऱ्याच एका घराला गेली.

किशोरने गाळ्याची किल्ली परत केली. बापाला तो एकच वाक्य बोलला, "बाबा, तुमच्या एका शब्दाने आमचा जन्म निघाला असता." त्यानंतर घरात तो नवसाबाईशी बोलायचा आणि जे सहादूला सांगायचं ते तिच्यामार्फत सांगायचा. सहादूने मास्तरांची गोष्ट त्यालाही सांगितली, पण उशिरा सांगितली. किशोरने ती ऐकली, ताट सरकवलं आणि उठून गेला. सहादूला आपण केलं त्याचा पस्तावा नव्हता. पण पोराचं तोंड बघवत नव्हतं. रात्रंदिवस एकच प्रश्न त्याला खात होता, की आपली ही पास-नापासची गोष्ट खरंच काही मोलाची आहे, की एका म्हाताऱ्याची खोड आहे आणि तिच्यापायी आपण पोराच्या पायावर धोंडा टाकला?

फेब्रुवारीत एका रविवारी इंदिरानगरचा अमित कोठुळे गॅरेजवर आला. नवी कोरी तुरंग. त्याची बायको करंजाळीकडे शाळेवर लागली होती, दर आठवड्याला तिला घाटातून न्यायचं-आणायचं होतं. त्याच्या वडिलांकडे जुनी तुरंग होती, बिल्ला अजून घरात होता. "काका, हिला घाट चढवून द्या. कंपनीची पट्टी आहे, पण मला तुमचा शब्द हवाय."

सहादूने पाहिलं, किशोर घरून डबा घेऊन आला होता आणि परत निघायच्या बेतात होता. "पोतं नाय," सहादू कुणाकडेच न बघता म्हणाला. "कुनीतरी मागं बसाया पायजे."

किशोर मागे बसला. अमितला घाटाखालच्या चहाच्या टपरीवर सोडून बाप-लेक वर गेले. वळण आलं. सहादूने गाडी थांबवली, डावा पाय टेकला, आणि गुडघा चटकन वाकला. गाडी कलंडायची, पण किशोरने दोन्ही पाय रोवून ती सावरली. सहादू खाली उतरला. गुडघ्यावर हात ठेवून त्याने दोन-तीनदा ताकद लावून पाहिली. पाय आता ऐकणार नव्हता.

"तू घे," तो म्हणाला. "मी बसतो मागं."

किशोरने गाडी घेतली. शंभर मोजले. बटण दाबलं, क्लच सोडला. गाडी वर निघाली, पण निघता निघता वीतभर मागे सरकली. मागे बसलेल्या सहादूला ते कळलं. आयुष्यभर जे पाठीला कळत आलं होतं ते आताही कळलं. तो बोलला नाही. अमित खाली टपरीवर होता, त्याला काही दिसत नव्हतं. किशोरचा या सगळ्यावर राग होता. आता किशोर काय म्हणतो, याची वाट बघत सहादू वर पोचला.

वर येऊन किशोरने गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. थोडा वेळ तो टाकीवरच्या घोड्याकडे बघत बसला.

"बाबा, मागे आली."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने बापाला हाक मारली होती.

"किती?" सहादूने विचारलं.

"वीतभर."

"तुज्या हातानं का क्लचनं?"

"ते मला नाही सांगता येत. पण आली. पास नाही म्हणता येणार."

सहादूला एवढा आनंद झाला, की त्याने तोंड फिरवून उपरणं डोळ्यांना लावलं. दोघांनी मिळून क्लचची केबल तपासली. जास्तच ताणलेली होती. किशोरने ती जरा सैल केली, आणि मग तो एकटाच खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. सहादू वळणावर उभा राहून चाकाकडे बघत होता. तिन्ही वेळा चाक जागचं हललं नाही.

टपरीवर परत आल्यावर सहादूने पुठ्ठा आणि पेन्सिल किशोरच्या हातात ठेवली. किशोर घोटाळला. "मी?"

"ल्ही."

किशोरने नंबर लिहिला. त्याखाली सुवाच्य, शाळेत गिरवलेल्या अक्षरात लिहिलं, 'पास. किशोर.' अमितने बिल्ला वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, मला तुमची सही हवी होती."

"गाडी त्यानं चढवली," सहादू म्हणाला. "मी नाय चढवली. माजी सही कशी चालंल?"

अमितने बिल्ला उलटून पाहिला, पुन्हा वाचला. मग तो किशोरकडे वळला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी माझा एक मित्र गाडी घेऊन येणार आहे. तुम्ही असाल ना गॅरेजवर?"

किशोरने बापाकडे पाहिलं. सहादू चहात पाव बुडवून खात होता, जणू त्याचा या प्रश्नाशी काही संबंधच नाही.

"असेन," किशोर म्हणाला.